थरथरणारा लाल ठिपका

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, काल सकाळी आमच्या एमबीएच्या वर्गात एक मंगल कार्यालय बांधण्याआधीच पाडण्यात आले.

पाडणारी सायली, माझी विद्यार्थिनी. कार्यालय तिच्या बाबांच्या मनातलं. प्रकल्पाचं मूल्यमापन वर्गापुढे मांडताना ज्याचा प्रकल्प त्यालाही बोलवायचं, अशी आमची पद्धत. म्हणून बाबा इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या बाकावर बसले होते. सायलीच्या हातातल्या पॉइंटरचा लाल ठिपका पडद्यावर नुसता थरथरत होता. तिनं पंचांग उघडून लग्नाच्या तिथी मोजल्या होत्या. त्या निघाल्या मोजक्याच. त्याच रस्त्यावरची चार कार्यालयं आधीच भर हंगामात रिकामी. शेवटच्या स्लाइडवर दोनच शब्द आले, 'बांधू नये', आणि ठिपका त्यांच्यावर येऊन स्थिर झाला.

इतकी वर्षं मी हा विषय शिकवतोय. मुलं आधी 'हो' ठरवतात आणि मग आकड्यांना गोंजारत तिथवर आणतात. खरं सांगायचं तर मीही माझा फ्लॅट तसाच घेतला. पण आपल्या माणसाच्या स्वप्नाला, त्याच्या डोळ्यांत बघून, नाही कसं म्हणायचं, हे मी कधीच शिकवलेलं नाही. मला येतच नाही, तर शिकवणार काय?

ठिपका पुन्हा थरथरू लागला. बाबा उठले, त्यांनी सदरा नीट केला आणि ते गरजले, "सर, पोरीला पूर्ण मार्क द्या! कार्यालय गेलं खड्ड्यात!"