कळसूबाई पितृपंधरवड्यात

कळसूबाई कधी चढावी, हे मला कुणाला विचारायची गरज नाही. पितृपंधरवड्यात! फोनवरचे हौशी लोक काय सांगायचं ते सांगोत. कुणी म्हणतं थंडीत जा, कुणी म्हणतं श्रावणात. त्यांना बोलायला काय जातंय, त्यांचं काय तलवाड्यात साड्यांचं दुकान आहे?

आमचं आहे. थंडीत संक्रांतीचं वाण, उन्हाळ्यात लग्नसराई, श्रावणात पंचमीला माहेरी आलेल्या लेकी, मागोमाग महालक्ष्म्या. मी कळसूबाईचं नाव काढलं की आमचे हे गल्ल्यावरूनच म्हणायचे, "सीझन जाऊ दे, मग बघू." राज्यातला सगळ्यात उंच डोंगर, तो काही पळून जात नव्हता. माझे गुडघे मात्र चालले होते. यंदा अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "काकू, डोंगर चढायचा तर याच साली. पुढं ऑपरेशन, मग जिनासुद्धा जपून."

एसटीत बसल्या बसल्याच माझं ठरलं. पितृपंधरवड्यात आमच्याकडं कुणी नवं कापड घेत नाही, ब्लाउजपीससुद्धा नाही. आमच्यात पितरं घालत नाहीत, पण गिऱ्हाईक घालतं ना! दुकानात नुसत्या माशा मारायच्या. पाऊस ओसरलेला असतो, ऊन चढलेलं नसतं, डोंगर हिरवागार. याहून चांगला काळ कुठला?

नणंदेनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, पित्तरपाटात कुणी असलं नवं काम काढतंय का? आन् चढायचंच हाय तर नारायणगड हाय की. गाडी जाती वरपर्यंत."

"गाडीच चढणार तर मी कशाला जाऊ?" मी म्हटलं.

रात्री ह्यांच्यापुढं एक्स-रे ठेवला. "दुकान रिकामं हाय. येता, का एकटी जाऊ?" सकाळी उठून बॅग काढली तर त्यांचे कपडे आधीच घडी घालून ठेवलेले.

डोंगर मी चढले. रडतखडत नाही, चांगली चढले. शेतांच्या बांधाला पिवळी फुलं होती, पायवाट थोडी निसरडी होती एवढंच. लोखंडी शिड्यांवर उजवा गुडघा लई बोंबलला. हे मागून म्हणत होते, "दमानं, लई घाई न्हाई." जन्मात पहिल्यांदा हा माणूस घाई नाही म्हणाला!

वर देवीचं दर्शन घेतलं आणि कट्ट्यावर टेकलो. चारी बाजूंनी धुकं, दहा हातांपलीकडं काही दिसेना. सवयीनं हे बोलून गेले, "पुढल्या साली थंडीत येऊ. तवा समदं दिसतंय म्हणं."

बोलले आणि त्यांची नजर माझ्या गुडघ्यावर गेली. मग खाली बघत म्हणाले, "आधी कावून न्हाई आलो गं आपण?"

उत्तर माझ्याकडं तयार होतं, चांगलं वीस वर्षांचं. पण त्यांचा चेहरा बघून मलाच रडू फुटलं. पदरानं डोळे पुसले. तेवढ्यात हे उतरायसाठी उठायला लागले, तर मी त्यांना हात धरून खाली बसवलं.

"आता आलोय ना," मी म्हटलं. "बसा अजून थोडं. मला परत यायला जमायचं न्हाई."