जहाजाचा भाव कोण ठरवतं

२१ जुलै. दुपारपासून मी आणि वंदना दरपत्रकांवर पट्ट्या चिकटवत बसलो आहोत. क्रूझ कंपनीने हिवाळ्याचे भाव पुन्हा वाढवले, तसा सकाळीच मेल आला. नुकतीच छापून घेतलेली पत्रकं फेकून द्यायला जीव होत नाही, म्हणून जुन्या आकड्यावर नव्या आकड्याची पट्टी. वंदना कापते, मी चिकटवते. गंगापूर रोडवरचं हे प्रवासाचं ऑफिस आम्हा दोघींचं आहे. हिशोब तिच्याकडे, गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे.

मधेच ती म्हणाली, "आपला सर्व्हिस चार्जही यंदा वाढवायचाच आहे. वेगळा कशाला सांगतेस? याच पट्टीत घालून टाक. वरून वाढलं म्हणायचं."

तिचं म्हणणं व्यवहाराला धरूनच होतं. आमच्या धंद्यात सगळे तसंच करतात. पण 'वरून' हा शब्द ऐकला की मला नामपूरचे आप्पा आठवतात, आणि मग माझा हात जरा थांबतो.

आप्पा पहिल्यांदा ऑफिसात आले तेव्हा मला वाटलं, माझ्या मागच्या भिंतीवर पाल आहे. मी अष्टविनायकाच्या बसचा दर सांगत होते आणि हे गृहस्थ माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मी दोनदा वळून पाहिलं. कॅलेंडरशिवाय तिथे काही नव्हतं. शेवटी मी विचारलं, काय बघताय? ते म्हणाले, "भाव सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये ताई. त्याच्या मागं कोन उभं शे, ते बघावं. भाव त्याचा राहतो."

आप्पांनी चाळीसेक वर्षं नामपूरच्या बाजारात कांद्याची खरेदी केली होती. पुढे धंदा मुलांवर सोपवला आणि स्वतःला दुसरं काम लावून घेतलं. दरवर्षी गावातली आठ जोडपी गोळा करायची आणि कुठेतरी प्रवासाला न्यायची. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, आणि उजव्या हाताचा अंगठा सतत काहीतरी दाबून बघण्यात गुंतलेला. कांदा आतून टणक आहे की नाही, हे पाहायची ती सवय. माझ्या टेबलावरचा पेपरवेटसुद्धा ते दाबून बघायचे आणि मान डोलवायचे. माझ्याशी शहरी मराठी बोलायचा त्यांचा प्रयत्न असे, पण जरा तापले की अहिराणी सुरू.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मंडळींना जहाजाने जायची हौस आली. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. बायकांनीच ठरवलं होतं. देवदर्शन पुष्कळ झालं, आता एकदा पाण्यावर झोपून बघू, असं आप्पांच्या पत्नी माई म्हणाल्या होत्या. आप्पांनी मला फोन करून भाव विचारला. मी सांगितला. पलीकडून "पक्का," एवढा एक शब्द, आणि फोन बंद.

इथेच घोटाळा झाला. माझ्या दृष्टीने तो नुसता चौकशीचा फोन होता. आप्पांच्या दृष्टीने सौदा झाला होता. लिलावात ट्रॅक्टरभोवती उभं राहून शेवटची बोली तोंडातून निघाली की संपलं. तासाभराने बाजार चढो की पडो, त्या ट्रॅक्टरचा भाव तोच. आप्पांनी त्याच संध्याकाळी बाजाराच्या ओट्यावर सगळ्यांना भाव सांगून टाकला. चार दिवसांनी पैसे भरायला म्हणून ते आले, मी कंपनीची साइट उघडली, तर भाव बराच वर गेलेला.

आप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते खुर्चीत बसले, पेपरवेट दाबला आणि म्हणाले की त्यांनी ओट्यावर सांगितलेला भाव आजवर फिरलेला नाही. पुढच्या महिन्याची तारीख घ्या, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्याबरोबर आलेले दगूभाऊ, म्हणजे त्यांचे शेजारी आणि मंडळातले एक, हळूच म्हणाले की वरचे पैसे आप्पांनीच घालून टाकावेत, कुणाला कळायचं नाही. आप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दगूभाऊ पाणी प्यायला उठून गेले.

"पैसा शे, दगू. शब्द परत कुठून आणू?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मला सूट नको. हा भाव ज्यानं बदलला, तो माणूस दाखवा. लोकांना सांगता तर आलं पाहिजे, कोणी बदलला."

मी म्हटलं, आप्पा, कंपनी बदलते.

"भाव काय आभायमातून पडस का? कोन तरी ठरावसच ना."

आणि मग पुढचे चार दिवस आप्पा माझ्या ऑफिसात मुक्कामाला असल्यासारखे होते. मुलीचं घर नाशिकातच, इंदिरानगरला, तेव्हा सकाळी जेवूनच येत. एका खिशात भाजलेले शेंगदाणे, दुसऱ्यात फोन. मी माझी कामं करायची आणि अधूनमधून त्यांना पुढचा नंबर मिळवून द्यायचा.

मुंबईच्या एजंटाने सांगितलं की दर कंपनीकडून येतात. कंपनीच्या कॉल सेंटरवरच्या मुलाने सांगितलं की दर सिस्टीम ठरवते. आप्पांनी त्याला शांतपणे विचारलं की सिस्टीमला पगार कोण देतं. मुलाने त्यांना गाणं ऐकत ठेवलं. आप्पांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि कंपनीच्या विक्री मॅनेजरपर्यंत पोचले. तो म्हणाला की हे मॅनेजमेंटचं काम. "मॅनेजमेंटचं गाव कोणतं?" आप्पांनी विचारलं. वंदना हिशोबाच्या वहीत तोंड खुपसून हसत होती. पश्चिम विभागाचे मोठे साहेब मिळाले ते मात्र मोकळे निघाले. म्हणाले, काका, खरं सांगू का, मलाही भाव मेलनेच कळतो, तुमच्या एजंटला कळतो त्याच दिवशी. ठरवतात ते आमच्या मुंबईच्या ऑफिसातले रेव्हेन्यूवाले.

फोन ठेवल्यावर आप्पा बराच वेळ शेंगदाण्याची सालं फुंकत बसले. मग म्हणाले, "मुंबईला जाऊ."

मला तसंही व्हिसाच्या कामाने जायचंच होतं. सकाळी त्यांची गाडी दारात आली, तर मागच्या सीटवर कांद्याचं अर्धं पोतं. मोकळ्या हाताने कुणाच्या दारी जाऊ नये, हे त्यांचं तत्त्व. भांडायला जायचं असलं तरी. मी म्हटलं, भांडायला चाललोय ना आपण? ते म्हणाले, "भांडन वेगळं, मानपान वेगळा."

त्या ऑफिसची इमारत सगळी काचेची. पोतं तपासणीच्या यंत्रातून जाताना फरशीवर सालं सांडली, आणि सुरक्षारक्षक व रिसेप्शनवरची मुलगी यांच्यात पोत्याची नोंद काय म्हणून करायची यावर चर्चा सुरू झाली. भेटीची वेळ आम्ही घेतलेली नव्हती. परत पाठवणारच होते. पण वर फोन गेला असावा की खाली कुणीतरी कांदे घेऊन आलंय आणि भाव ठरवणाऱ्याला बोलवा म्हणतंय, कारण थोड्या वेळाने लिफ्टमधून एक मुलगी आली. तिशीची असेल. कुर्ता, गळ्यात कार्ड, हातात अर्धं खाल्लेलं सँडविच. नाव ऋचा.

"काका, मीच ठरवते," ती म्हणाली.

आप्पांनी सवयीने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे लिफ्टचं बंद दार होतं. मग त्यांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं.

ऋचा आमच्याबरोबर सोफ्यावर बसली आणि तिने नीट समजावून सांगितलं. वर्षाला किती कमाई झाली पाहिजे, ते अगदी वरचे लोक ठरवतात. पण कोणत्या तारखेच्या जहाजाला कधी किती वाढवायचं, ते ती आणि तिच्या टीममधले चौघे. दर सोमवारी बसतात. किती केबिन गेल्या, किती उरल्या, ते बघून संगणक आकडा सुचवतो. तो मान्य करायचा की नाही, हे माणूस ठरवतं. "आणि तुमच्या तारखेचं बटन मीच दाबलं," ती म्हणाली.

"का दाबलं, बेटा?"

तिने फोनवर काहीतरी पाहिलं. म्हणाली, तुमच्याकडूनच एका आठवड्यात भराभर केबिन अडवल्या गेल्या होत्या. नाशिक, मालेगाव, सटाणा. वेगवेगळ्या एजंटांनी होल्डवर टाकलेल्या, पैसे कुणीच न भरलेल्या. वीसएक असतील. "आम्हाला वाटलं, तिकडे कुणाचं तरी मोठं लग्न आहे बोटीवर."

 आप्पांनी फोन काढला आणि दगूभाऊंना लावला. स्पीकर चालू.

"दगू, जहाजाचा भाव कोठे कोठे काढात रे तुम्ही?"

दगूभाऊ आधी आढेवेढे घेत होते. मग निघालं ते असं. आप्पांवर अविश्वास कुणाचाच नव्हता. पण माल बाजारात न्यायच्या आधी तीन ठिकाणचा भाव काढायचा, हे त्या गावाचं वळणच. आप्पांचं सोडून बाकी सातही घरांनी मिळेल त्या एजंटाला फोन केला होता. कुणी दोघांना, कुणी चौघांना. प्रत्येक एजंटाने गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून केबिन अडवून ठेवली होती. जायचे सोळा लोक, आणि संगणकाला दिसत होती अख्खी वरात.

आप्पा हसायला लागले ते थांबेचनात. टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे पुसले. सुरक्षारक्षकही बघायला आला. हसू ओसरल्यावर ते ऋचाला म्हणाले, "चाळीस वर्षं मी शेतकऱ्याला सांगत आलो, भाव वरून पडला. वर कोन शे, मलाबी ठाऊक नव्हतं. आज वरचं माणूस पाह्यलं." थोडं थांबून म्हणाले, "लय लहान शे."

सूट त्यांनी मागितली नाही. ऋचाने देऊ केली नाही. ती एवढंच म्हणाली की होल्ड सोडायला सांगा, सोमवारी मी आकडा पुन्हा बघते, शब्द मात्र देत नाही. पोतं तिथेच राहिलं. तिने ते लिफ्टमध्ये चढवायला रक्षकाची मदत घेतली.

भाव सोमवारी उतरला, पण पार जुन्यावर आला नाही. मला वाटलं, आप्पांची झोप आता उडणार. ते त्याच संध्याकाळी नामपूरला गेले, ओट्यावर सगळ्यांना बसवलं आणि नावानिशी सांगितलं. भाव चढवला मुंबईच्या ऋचाने. तिला चढवायला लावला तुम्ही, दगू, तू, आणि तू, आणि तुझी सून. खाली आणला तोही तिनेच, आणि जेवढा चढा राहिला तेवढा आपल्या हुशारीचा. दगूभाऊ सांगतात की एकानेही कुरकुर केली नाही. उलट जो तो आपण किती एजंटांना फोन केला ते वाढवून सांगायला लागला. आप्पांचा शब्द राहिला की गेला, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण पुढच्या वर्षी मंडळ पुन्हा त्यांच्याच मागे निघालं.

जहाजावर मंडळींनी मजा केली. माईंनी डेकवर बसून सगळ्या बायकांना भेंड्या खेळायला लावलं. आप्पांनी पहिल्या जेवणात कोशिंबिरीतला कांदा चावून बघितला, "आपला नाही," असं जाहीर केलं, आणि तो कुठून घेतात हे विचारायला थेट खानसाम्याकडे गेले.

पुढे मला उशिराने कळलं की आप्पा दर सोमवारी ऋचाला फोन करत. ते तिला नामपूरचा कांद्याचा भाव सांगत, ती त्यांना जहाजाचा. दोघांनाही दुसऱ्याच्या भावाशी काही देणंघेणं नव्हतं. गेल्या मार्गशीर्षात आप्पा गेले, दुपारच्या जेवणानंतर, खुर्चीत. त्यानंतरच्या सोमवारी ऋचाचा मला फोन आला. काका फोन का उचलत नाहीत, तिने विचारलं. मी सांगितलं.  मग ती म्हणाली की आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये आता आकड्यापुढे मान्य करणाऱ्याचं नाव लिहितात. तिनेच सुरू केलंय. वरच्यांना ते फारसं आवडलेलं नाही.

हे सगळं मी वंदनाला सांगत होते तोवर पट्ट्या संपल्या. ती म्हणाली, गोष्ट छान आहे, पण चार्जचं काय करायचं ते सांग, मला निघायचंय. मी म्हटलं, उद्या बघू.

२२ जुलै. सकाळी मी जरा लवकर ऑफिस उघडलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायचा मजकूर लिहिला. दोनच ओळी. कंपनीने एवढे वाढवले. आम्ही एवढे वाढवले. खाली माझं नाव. वंदना आली, तिने वाचलं आणि नाक मुरडलं. मग माझ्या नावाखाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिला. पहिला फोन दगूभाऊंचा. मंडळ आता ते चालवतात.

"ताई, तुमचे वाढले ते कोणी वाढवले? वरून आलं का?"

"नाही, दगूभाऊ. मी वाढवले."

त्यांनी माझं उत्तर तिकडे ओट्यावर मोठ्याने ऐकवलं. मग ते म्हणाले, "मंग बराबर शे. सोळा माणसं धरा."

मी सोळा धरली. आणि आणखी कुठे कुठे फोन केलेत, ते आधी विचारून घेतलं.