पेनात पकडलेला गुडघा

माझ्या खिशातल्या त्या पेनानं आजवर एक अक्षरही लिहिलेलं नाही. त्यात कॅमेरा होता.

दारव्ह्याजवळची शेती बायकोच्या माहेरची, मी शाळामास्तर. माझ्याकडे एकच काम : संध्याकाळी वेचलेल्या कापसाची गाठोडी काट्यावर मोजणं, कारण वेचणाऱ्या बायकांना मजुरी वजनावर. त्या हंगामात एका गाठोड्यात मातीचं ढेकूळ निघालं आणि माझ्यातला फौजदार जागा झाला! बायका वजन वाढवायला ढेकळं घालतात, याची मला खात्रीच पटली. यवतमाळहून ते पेन आणलं, खिशाला लावलं आणि दिवसभर छाती काढून शेतात हिंडलो.

बोंडं फुटून कापूस लोंबत होता, वेचायला बायका मिळत नव्हत्या. नेमक्या अशा वेळी मी त्यांच्या म्होरक्या लीलाबाईसकट साऱ्याजणींना आमच्या ओसरीवर बोलावलं. पुरावा सर्वांसमक्ष!

"तुम्ही तरी पाह्यलं का पहिले?" बायकोनं, प्रज्ञानं, हळूच विचारलं. "ह्या बाया गेल्या तं कापूस झाडावरच राह्यते."

"त्यात पाहायचं काय?" (हे वाक्य मी आता कुणालाही म्हणत नाही.)

कॉम्प्युटर लावला. आधी दिसला लीलाबाईचा जेवणाचा डबा आणि ऐकू आला माझा आवाज : "वा! अशी चटणी आमच्या घरी सात जन्मात होणार नाही!"

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं चित्र पुढे पळवलं, ते थेट संध्याकाळच्या वजनापाशी थांबलं; तेव्हा पेन बंद करायचं राहूनच गेलं होतं. कडुलिंबाला टांगलेला काटा, काट्याला गाठोडं, आणि गाठोड्याखाली हळूच आलेला एक गुडघा. वजन कमी भरावं म्हणून गाठोडं अलगद उचलून धरणारा!

पुढचं गाठोडं. पुन्हा गुडघा.

मी चित्र बंद करायची कळ शोधू लागलो.

"हा पाय कोनाचा व्हय?" लीलाबाईनं विचारलं.

खिशातल्या कॅमेऱ्यात माझं तोंड आलं नव्हतं. पण ती शेवाळी पँट साऱ्या गावाला ठाऊक होती.

"गाठोडं डोलू नये म्हणून..." मी पुटपुटलो.

"अन् दिवसभर पेन लावून आमाले पाहून राह्यले, सर? आम्ही तिथं जेवतो, पदर सोडून बसतो. एका शब्दानं इचारलं का?"

लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. तोवर लीलाबाई उठली, तिच्यामागे सगळ्या उठल्या. प्रज्ञा लगबगीनं पुढे झाली.

"लीलाबाई, उद्या येजा वं! काटा मी धरतो," प्रज्ञा म्हणाली.

लीलाबाई पायरीवर थांबली.

"येतो. पन सरचा गुडघा घरीच ठेवजा."

दुसऱ्या दिवसापासून काटा प्रज्ञाकडे गेला, पेनही तिनंच कुलपात टाकलं. मी आता घरी चटणी वाटतो. शेतावर का जात नाही असं शाळेत कुणी विचारलंच, तर सांगतो, गुडघ्याचा त्रास आहे!