दफेदारांची झूल

"हात लावून बगा," हे दफेदारांचं पालुपद होतं. भोपळा घ्यायचा असो की भिंतीची ओल पाहायची असो, डोळ्यांवर त्यांचा भरवसा नसे. तळहात सपाट ठेवायचा, क्षणभर डोळे मिटायचे, मगच मत द्यायचं.

मुलांनो, ही कराडची, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली हकिगत. मी सांगलीहून नुकतीच लग्न होऊन आले होते. पेट्रोल मिळेना, म्हणून तुमचे डॉक्टर आजोबा टांग्यानं खेडोपाडी रोगी पाहायला जात. पावसात घोडीची पाठ भिजून फोड येऊ नयेत, म्हणून तिच्या अंगावर जाड कापडाची झूल घालावी लागे. तिच्यातून पाणी झिरपणार नाही अशी ती करून देणारा गावात एकच माणूस होता. मागच्या गल्लीत राहायचे. पहिल्या महायुद्धात घोडदळात होते, म्हणून सगळे त्यांना दफेदार म्हणत. घरात एकटेच.

चुलीवर जवसाचं तेल कढवून त्यात मेण विरघळवायचं, ते कोमट असतानाच चिंधीनं कापडात जिरवायचं आणि झूल आठ दिवस बांबूवर वाळवायची. शेवटी चार टोकं बांधून झोळी करायची, तिच्यात घागरभर पाणी ओतायचं आणि खालून हात लावायचा. हात कोरडा राहिला की काम झालं.

वाळताना त्या झुली ताठ होऊन घोड्याच्या पाठीचा आकार धरत. वैशाखातल्या भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नसे आणि त्यांच्या अंगणात सात-आठ घोडी उभी असत. डोकी नाहीत, पाय नाहीत. वारा पडलेला असताना मधलीच एखादी शहारे, अंगावर माशी बसावी तशी. शेजारच्या बायका त्या वेळी पाण्याला लांबच्या वाटेनं जात. सांगायला हरकत नाही, मीही जात असे.

एक झूल मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. पहिलं युद्ध संपल्यावर इराकात, बसऱ्याला, घोडी तिथंच सोडून यायचा हुकूम झाला. साज जमा करायचा होता. पाऊस लागला होता. दफेदारांनी आपल्या घोडीच्या अंगावरची झूल स्वतःच्या हातानं काढली.

"वळून बगितलं तिनं," ते एवढंच म्हणाले. "पाठ वली हुती, वैनी."

ती झूल त्यांनी जमा केली नाही. लपवून घरी आणली. दरवर्षी पावसाआधी तिला तेल पाजत, पण वाळत घालत नसत. घडी करून ओसरीवर कडब्याच्या पेंढ्यांवर ठेवत. एकदा दुपारी मी आमची झूल न्यायला गेले, तेव्हा म्हणाले, "हात लावून बगा."

मी हात ठेवला. ऊन तिथवर पोचत नव्हतं, तरी घडी उबदार होती. जनावराच्या कुशीसारखी, आतून. मी दचकून हात काढला.

"आली," ते हळूच म्हणाले.

घरी आल्यावर मला कॉलेजातलं रसायनशास्त्र आठवलं. जवसाचं तेल वाळताना तापतं, घडीत ती उष्णता कोंडते आणि पेटही घेते. खाली कडबा, वर गवताचं छप्पर. मी परत गेले आणि त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. वरच्या अधिकाऱ्याचं ऐकावं तसं त्यांनी उभं राहून ऐकून घेतलं.

"म्हंजी, ती न्हवं?"

"नाही, दफेदार. तेल आहे."

त्यांनी लगेच झूल उलगडून बांबूवर टाकली. त्या पावसाळ्यात त्यांच्या तोंडून पालुपद ऐकू आलं नाही. झोळीखाली हात लावत, मान हलवत आणि आत जात. माझं म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबर आहे. पण त्या माणसाची घोडी दुसऱ्यांदा सुटली, आणि या खेपेला हुकूम माझा होता.

पुढच्या वैशाखात गेले, तर घडी पुन्हा घातलेली. मात्र ओसरीवर नाही, उघड्या अंगणात निंबाच्या सावलीला, दगडी पायरीवर. शेजारी पाण्यानं भरलेल्या दोन घागरी, आणि घडीवर हात ठेवून बसलेले दफेदार.

"ध्यानात हाय, वैनी. तेल हाय," ते म्हणाले. "पर मी जवळ बसतो. तिला बी बसू द्या."

मग मीही थोडा वेळ त्यांच्याजवळ बसले.

दोन वर्षांनी, अशाच एका दुपारी, मला बोलावणं आलं. तुमचे आजोबा खेड्यावर गेले होते. दफेदार पायरीपाशी तसेच बसलेले होते, हात घडीवर. मी नाडी पाहिली. मनगट गार होतं, तळहातही. तो उचलून बाजूला ठेवला आणि खालची झूल चाचपली. ऊब होती. पाणी ओतायला घागर उचलली, पण ओतवेना. पाठ ओली झाली असती. मी घडी उलगडली आणि झूल बांबूवर टाकली.

त्यांचं कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे आली. तेव्हापासून तिला तेलाचा थेंब लागलेला नाही. पूर्ण वाळलेलं तेल तापत नाही, हे मी पुस्तकात पाहून ठेवलं आहे. दर वैशाखात निंबाचा पाला बदलायला मी ती ट्रंकेतून काढते. याही वर्षी काढली. काय जाणवलं ते लिहीत नाही. सुट्टीत याल, तेव्हा हात लावून बघा.