डावा कौल

आमच्या शकूला सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची, डोकं दुखायचं आणि दुपारपर्यंत पोर पुन्हा हुंदडायला लागायची. कोणी पित्त म्हणालं, कोणी जंत. मी दृष्टही काढली. मग ती चालताना एका अंगाला झुकू लागली, पेला धरताना हात कापू लागला. घाटकोपरच्या आमच्या चाळीतली पोरं चिडवायची. एकाच्या पाठीत मी असा धपाटा घातला की त्याची आई भांडायला आली. शेवटी शकूला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात मागच्या बाजूला गाठ आहे, पाणी साचतंय, लगेच ऑपरेशन करायला हवं. अशी पोरं वाचतात का, मी विचारलं.

"काही वाचतात," ते म्हणाले. "कुठली, ते मला आधी सांगता येत नाही."

माणूस खरं बोलला.

आम्ही कोकणातली माणसं. देवीला विचारल्याशिवाय आमच्यात सोयरीकसुद्धा ठरत नाही. होकार देण्याआधी कौल घेऊ, असं आमचे हे म्हणाले. चाळीमागच्या टेकडीच्या पायथ्याशी आमच्या गाववाल्यांनी आमच्या देवीचं छोटं देऊळ बांधलं होतं, तिथे शकूला घेऊन गेलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. ह्यांचा चेहरा पांढराफटक झाला. पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारू, असं त्यांचं नि गुरवाचं ठरायला लागलं. शकू माझ्या मांडीवर मान वाकडी करून पडली होती, डोळे उघडत नव्हती. मला देवीचा राग आला. इतकी वर्षं तुझी ओटी भरली ती यासाठी का गं, असं मनात आलं आणि लगेच भीतीही वाटली.

ओटी भरायला आलेली एक कोळीण मागे उभी होती. ती पुढे आली, शकूच्या कपाळावर हात ठेवला. तिचा मुलगा असाच तिरपा चालायचा, म्हणाली. तेही अशीच वाट बघत बसले, नि तो गेला. मग माझ्याकडे वळली.

"बाय, देवीला इचारत काय बसलीस? तिला संगती घे नि जा."

तिने शकूला उचलून खांद्यावर घेतलं आणि चालू लागली. हे कौल, कौल म्हणत राहिले. मी मागे पाहिलं नाही. टॅक्सीतून उतरून इस्पितळाच्या दारापर्यंत पोर तिच्याच खांद्यावर होती. मागोमाग हेही आले आणि ऑपरेशनला होकार देऊन टाकला. वळून पाहिलं तर ती कोळीण निघून गेली होती. आणखी थांबला असतात तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मासळीबाजारात मी तिची चौकशी केली, पत्ता लागला नाही. चाळीतल्या बायका म्हणतात, देवीच आली होती. मी वाद घालत नाही. तिच्या लुगड्याला मासळीचा वास होता, एवढं मला ठाऊक आहे.

शेजारच्या खाटेवर बोरिवलीचा दिनू होता. तशीच गाठ, तेच डॉक्टर, ऑपरेशननंतर दोघांना लाइट देणंही, म्हणजे उरलेली गाठ जाळणारे किरण, बरोबरच सुरू झालं. त्याची आई माझ्याहून कितीतरी भाविक, गुरुवारी पाणीसुद्धा प्यायची नाही. शकू सावरली. दिनू गेला. माझ्या भक्तीने माझी पोर वाचली, असं म्हणेन तर जीभ झडेल माझी. जाताना त्या माउलीने शकूला पोटाशी धरलं, हिला जपा म्हणाली. मी नुसती रडले.

शकू आता मोठी झाली. हात थोडा कापतो, बोलायला वेळ लागतो, पण भाकरी स्वतः थापते. देवीपुढे बसले की मी आता काही विचारत नाही, मागतही नाही. दिलंस ते तुझंच, एवढंच म्हणते. दिवा लावताना शकूचं नाव घेते आणि मग दिनूचं.