दाजींचा सोमवार

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, यांच्याइतकं अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात कुणी झोपलं नसेल आणि त्यांच्याइतकं मला कुणी छळलंही नसेल. काष्टीच्या शाळेत ते चौथीला शिकवत. शिकवत म्हणजे काय, बेरीज मांडता मांडता कपाळ फळ्याला टेकायचं आणि खडूची रेघ खाली घसरत जायची. गुरुजींची झोपमोड नको म्हणून पोरं इतकी गप्प बसत, की तोच वर्ग शिस्तीचा म्हणून गाजला. स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा हे उभ्याउभ्या घोरत होते. आक्काने हार घातला तसे दचकून "हजर!" म्हणाले. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. हेडमास्तरांनी बजावलं, यंदा तपासणीला साहेबांपुढे डुलकी लागली तर नोकरी गेली समजा. आक्का रडकुंडीला आली, म्हणून मीच दाजींना नगरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. हा आळस नव्हे, आजार आहे, असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. रोज सकाळी खाऊन एक. एखादी राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. दाजी मान हलवत होते. मला वाटलं ऐकताहेत; कसलं काय, पेंगत होते!

गोळी मात्र लागू पडली. मंगळवार ते रविवार माणूस टक्क जागा, आणि सोमवारी पुन्हा कपाळ फळ्याला. विचारलं तर म्हणतात, "पाव्हणं, सोमवार हाय. उपासाला गोळी कशी चालंल?" म्हणजे साबुदाण्याची खिचडी चालते, रताळं चालतं, शेंगदाण्याचे पाच-पाच लाडू चालतात, आणि एवढीशी गोळी चालत नाही! मी कपाळावर हात मारून घेतला.

तपासणी नेमकी मंगळवारी आली. दाजींनी सकाळी सोमवारची राहिलेली एक, मंगळवारची एक आणि साहेबांच्या धास्तीची एक, अशा तीन गोळ्या घेतल्या. मग काय विचारता! साहेबांना तोंड उघडू दिलं नाही, दोनापासून तिसापर्यंतचे पाढे एका दमात म्हटले, आणि एकतिसाव्याला हात लटलटा कापायला लागले. छाती धरून मटकन खाली बसले. साहेबांच्याच जीपमधून आम्ही त्यांना नगरला नेलं. डॉक्टर संतापले, "मास्तर, थोडक्यात वाचलात!" एरवी नवऱ्यापुढे चकार शब्द न काढणारी आक्का त्या दिवशी सगळ्या दवाखान्यासमोर ओरडली, "चुलीत घाला ती नोकरी! तुमी ऱ्हावा म्हंजे झालं!"

नोकरी राहिली आणि दाजीही राहिले. पुढच्या सोमवारी आक्काने त्यांच्यापुढे भाकरी ठेवली, शेजारी एकच गोळी. "तुमचा सोमवार आजपासून मी धरते. खावा मुकाट्यानं." त्यांनी खाल्लं. निवृत्त होईपर्यंत मग एकही सोमवार चुकला नाही, दोघांचाही.

दाजींना जाऊन आता सात वर्षं झाली. परवा सोमवारी गेलो, तर आक्का भगर शिजवत होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आक्का, आता कशाला जिवाला त्रास?"

"मी सोमवार सोडला, आन् तिकडं त्यांनी गोळी सोडली तर?"

या घराला कुणी काय सांगावं! मीही गुपचूप भगरीला बसलो.