दादाच्या हनुवटीवरचे कागद

पन्नाशीला टेकला तरी सगळी गल्ली त्याला धाकट्याच म्हणते. दोन भावांचं केस कापायचं दुकान, दोन खुर्च्या, समोर एकच लांब आरसा. दाराजवळची खुर्ची दादाची, आतली धाकट्याची. दाढी करावी तर धाकट्यानंच, असं एके काळी लोक म्हणायचे. हात इतका हलका, की माणसं मान टाकून चक्क घोरायची.

आता गंमत ऐका. अकरा वर्षं हा गडी रोज सकाळी दोन घोट पोटात घालूनच दुकानात यायचा. घेतले नाहीत तर बोटं थरथरायची, घेतले की एकदम शांत. वर बडीशेप चघळायचा, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. त्या अकरा वर्षांत सगळ्या गल्लीचे गळे त्याच्या वस्तऱ्याखालून गेले, एकालाही साधा ओरखडा नाही. दुकान उघडलं की पहिली दाढी दादाची. आणि दादाही घोरायचा!

मग एके दिवशी यानंच आपल्या तोंडानं दादाला सांगितलं, मला सोडायचीय. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, गल्लीभर कळलं, दारू सोडून आला. बरं झालं म्हणाल? कसलं डोंबल! आला त्याच दिवशी दादानं त्याचा वस्तरा टेबलाच्या खणात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"लोक बिचकतात रे. वर्षभर फक्त केस काप. वर्ष नीट गेलं की तुझा वस्तरा तुला."

वर्षावर दोन महिने उलटले. यानं थेंबाला शिवून पाहिलं नाही, पण खण काही उघडला नाही. गिऱ्हाइकं यायची, "फक्त केस हं," म्हणायची आणि दाढीसाठी दादाच्या खुर्चीची वाट बघत बसायची. पिऊन करत होता तेव्हा गळे बिनघोर पुढे केले, शुद्धीवर आला तर यांना भीती! याला काय अक्कल म्हणायची?

त्या दुपारी केंद्रातली ताई कागद घेऊन आली. दारू सोडलेल्या माणसाला लोक कसं वागवतात, हे त्या माणसाच्याच तोंडून ऐकून मोजायचं होतं. प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन, 'अगदी खरं'पासून 'अजिबात नाही'पर्यंत.

"बहुतेक लोक अशा माणसाशी मैत्री करतील," ताईनं वाचलं.

धाकट्यानं तोंड उघडायच्या आत दादा गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून बोलला, "करतात की! आमच्याकडे याला कुणी एका शब्दानं बोलत नाही. लिहा, अगदी खरं."

"दादा, त्यांना बोलू द्या ना." ताईनं पुढचं वाचलं, "बहुतेक लोक त्याला इतरांइतकाच शहाणा समजतील."

"समजतात हो!" पुन्हा दादाच.

धाकटा खुर्चीवरचे केस झटकत होता. तळपायाची आग मस्तकात चालली होती.

"बहुतेक लोक अशा माणसावर निर्धास्त विश्वास टाकतील."

"टाकतात, न टाकायला काय..."

"गप्प बस!"

धाकट्यानं ब्रश आपटला. दादाचं गिऱ्हाइक तोंडावरच्या फेसासकट उठून बसलं. धाकटा दादासमोर जाऊन उभा राहिला. दादाच्या हनुवटीवर वर्तमानपत्राचे तीन बारके तुकडे चिकटले होते, प्रत्येकाच्या मध्ये लाल ठिपका. धाकटा परत आल्यापासून दादा घरीच, स्वतःच्या हातानं दाढी उरकून यायचा. गल्लीच्या दाढ्या करणाऱ्याला स्वतःची धड जमत नव्हती, रोज कुठे ना कुठे कापून घ्यायचा.

"लोक बिचकतात म्हणालास ना? लोकांचं नाव कशाला पुढे करतोस? मी पिऊन यायचो तेव्हा माझ्या हाताखाली घोरत होतास तू! आता रोज स्वतःला कापून घेतोस, पण माझ्या खुर्चीत बसत नाहीस. आणि वर यांना सांगतोस, विश्वास टाकतात! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, दादा. काढ वस्तरा. आत्ता काढ, आणि बस इथे."

दादाचा हात किल्लीच्या खिशापर्यंत गेला. तिथून वर हनुवटीकडे गेला. कागदाचा एक तुकडा सुटून खाली पडला.

"आज झालीय रे माझी," तो पुटपुटला.

धाकटा ताईकडे वळला. "अजिबात नाही. तिथे खूण करा. आणि ते 'बहुतेक लोक' खोडा, ताई. 'सख्खा भाऊ' लिहा."